हायवेचा 'ग्रीन' थांबा: आधी गटार बघा, सोलर नंतर

पुणे-बेंगलोर हायवेला लागून चार-पाच एकर जमीन असलेला माणूस साताऱ्यापासून पेठ नाक्यापर्यंत कुठंही भेटला की गप्पा फूड मॉलवर येतातच. शेंद्रे ते कागल रस्ता सहापदरी व्हायलाय, गाड्या वाढणार, मग आपणपण काहीतरी टाकू. आणि हल्ली त्याच्या पुढं 'इको फ्रेंडली' लावलेलं असतं. म्हणजे काय करणार विचारलं तर उत्तर ठरलेलं, वर सोलर, पुढं लॉन, दोन बैलगाड्या आणि मातीच्या रंगाची भिंत. दिसायला बरंय सगळं. पण पर्यावरणाशी याचा संबंध थोडाच, आणि लॉन तर मे महिन्यात नुसती पाणी पीत बसते.

हायवेवरचा थांबा म्हणजे नेमकं काय ते आधी बघू. दिवसाला काही हजार माणसं येतात, पंधरा-वीस मिनिटं थांबतात, टॉयलेटला जातात, काहीतरी खातात, कचरा टाकतात आणि निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर शेकडो गाड्या येतात ज्यांच्या खालून ऑइल ठिबकतंय, टायर झिजतायत, इंजिन चालू आहे. हॉटेलची बिल्डिंग या सगळ्यात जागेचा लहानसा तुकडा. बाकी पार्किंग, आतबाहेरचे रस्ते, टॉयलेट आणि पेट्रोल पंप. त्यामुळं थांबा खरंच ग्रीन आहे का हे तीन ठिकाणी कळतं: पार्किंगवरचं पाणी कुठं जातं, टॉयलेटमधून काय बाहेर पडतं आणि रात्री उभ्या राहिलेल्या ट्रकांचं काय. हे तीन नीट असेल तर बिल्डिंग साधी पत्र्याची असली तरी चालेल असं माझं मत आहे.

सुरुवात जागेपासून. कराड ते पेठ नाका पट्ट्यात हायवेच्या दोन्ही बाजूला बागायत काळी जमीन आहे, ती काँक्रीटखाली घालण्यापेक्षा मुरमाड माळ, जुनी खाण, बंद पडलेला ढाबा किंवा आधीच एनए, म्हणजे बिगरशेती, होऊन पडून राहिलेली जागा कधीही चांगली. आणि पूररेषा बघायचीच बघायची. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा अशा एकेक नद्या हायवे ओलांडत जातो आणि पुलाजवळची सपाट जागा बघायला लई भारी वाटते. जलसंपदा खात्याच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती, आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकामाचा विषयच सोडून द्यायचा. दोन्हीच्या मधे अटी पाळून काही गोष्टी बसतात, पण डिझेलची टाकी आणि सांडपाण्याचा प्लांट तिथं ठेवला तर पुरात दोन्ही शेजारच्याच्या उसात जाणार हे धरून चाला. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तिकडं शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि हायवे बंद, ट्रक दिवसच्या दिवस उभे. म्हणजे उंचावरचा थांबा अशा वेळी आसरापण होतो, तेव्हा चार-पाच दिवस बाहेरून काही आलं नाही तरी पाणी, टॉयलेट आणि जेवण चालेल का हे प्लॅनमधेच बघायला लागतं.

अजून एक, थांबा दोन्ही बाजूला पाहिजे. एकाच बाजूला केला की पलीकडची गाडी पुढं जाऊन यू-टर्न मारून येणार, डिझेल जळणार, आणि टू-व्हीलरवाले राँग साइडनं येणार ते वेगळंच. गावातून कामाला येणाऱ्यांसाठी आणि भाजी-दुधाच्या गाड्यांसाठी मागच्या अंगानं गावच्या रस्त्याचं गेट ठेवलं तर त्यांना हायवेवर यायलाच लागत नाही.

आता माती. जेसीबी आला की पहिल्या दिवशी सगळं एकत्र उकरून ढीग लावतात, वरची माती, खालचा मुरूम, दगड सगळं एकात. इथंच पहिलं नुकसान होतं. वरची फूटभर माती जिवंत असते, ती आधी वेगळी काढून फार उंच नाही अशा ढिगात बाजूला ठेवायची, नंतर झाडांना आणि बांधांना तीच वापरायची, उरली तर आजूबाजूचे शेतकरी हसत घेऊन जातात. खालून निघालेला मुरूम-दगड डंपरनं लांब टाकायचा खर्च करण्यापेक्षा त्याचा हायवेच्या बाजूला उंच बांध घालायचा, त्यावर झाडं. हॉर्नचा आवाज अडतो, धूळ अडते आणि डंपरच्या खेपा वाचतात.

पार्किंगवर जरा वेळ घालवूया. फेब्रुवारी-मार्चपासून पार्किंगवर ऑइल, डिझेल, ब्रेकची धूळ, टायरची पावडर साठत जाते आणि मेमधे पहिला वळीव आला की ते सगळं एका दमात वाहतं, पाण्यावर ती इंद्रधनुष्यासारखी तवंगाची पट्टी दिसते बघा, तेच. एका तासात २० मिलिमीटर पाऊस म्हणजे आपल्याकडच्या वळवाला काही विशेष नाही. अडीच एकर पक्क्या पार्किंगवर एवढा पडला तर जवळपास २ लाख लिटर पाणी होतं. नेहमीच्या पद्धतीनं ते कडेच्या गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जातं.

यावर उपाय म्हणजे ऑइल सेपरेटर. नाव मोठं आहे, काम सोपं. जमिनीखाली तीन कप्प्यांची टाकी. पहिल्यात पाणी थांबतं आणि माती-वाळू खाली बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगतं, पण पुढं जायची वाट तळाशी ठेवलेली असते त्यामुळं तेल मागं अडकतं आणि खालचं पाणी पुढं सरकतं. तिसऱ्यात उरलंसुरलं थांबतं. हे सगळं पाणी हळू चाललं तरच जमतं, जोरात आलं की घुसळून सगळं बाहेर. म्हणून डिझाइन असं करतात की सुरुवातीचं सगळ्यात घाण पाणी टाकीतून जाईल आणि नंतरचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी बायपासनं पुढं. तिथून पुढं पाइप घालायचा नाही, गवत लावलेली रुंद उथळ चर काढायची, चरीच्या शेवटी एक तळं, त्यात कर्दळ, पाणकणीस असलं काहीतरी. गवतात पाण्याचा वेग कमी होतो, गाळ अडतो, आणि तळ्यामुळं एकदम ओढ्यावर लोंढा जात नाही. टाकीतलं तेल मात्र ठरल्या वेळी उपसायला लागतं आणि ते अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचं, मागच्या खड्ड्यात ओतलं तर एवढा सगळा खर्च वाया.

आणि एक गोष्ट ठळक सांगतो कारण ही चूक फार दिसते. पार्किंगचं पाणी थेट बोअरच्या रिचार्ज खड्ड्यात सोडायचं नाही. हौसेनं 'जलपुनर्भरण' म्हणून बोर्ड लावतात आणि ऑइलसकट पाणी थेट जमिनीखाली घालतात. आपला काळा दगड, त्याच्या भेगांमधून ते पाणी शेजारच्या विहिरीत कधी निघेल सांगता येत नाही. रिचार्ज करायचं ते फक्त छताचं पाणी, तेपण पहिल्या पावसाचं सोडून देऊन.

पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक पण लोकं डोळे झाकून टाकतात. खाली मुरूम असेल तर कारच्या पार्किंगला मस्त. खाली काळी माती असेल तर पाणी मुरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन वर्षांत फरशी वर-खाली. ट्रकच्या जागेला तर काँक्रीटच पाहिजे, कारण तिथं वजन आहे आणि ठिबकणारं ऑइल आहे, ते मुरायला नकोच आहे आपल्याला.

आता टॉयलेट. लोकं हायवेला थांबतात ते मुख्य याच्यासाठी आणि इथंच सगळ्यात कमी डोकं लावलं जातं. एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, आत बॅक्टेरिया असतात, त्यांना हवा द्यायची, ते घाण खातात, एवढाच त्याचा गाभा. अडचण अशी की हायवेच्या टॉयलेटचं पाणी आणि घरातलं पाणी सारखं नसतं. घरच्या सांडपाण्यात आंघोळ, धुणं, भांडी यांचं भरपूर पाणी मिसळलेलं असतं. इथं बहुतेक सगळी लघवी, म्हणजे अमोनिया खूप जास्त. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया हळू वाढतात, त्यांना जास्त हवा आणि जास्त वेळ लागतो. विकणारा येतो, 'रोज इतके हजार लिटर' असा घराच्या हिशोबाचा प्लांट देऊन जातो, आणि महिन्याभरात वास सुटतो. मग म्हणायचं एसटीपी असलेच असतात. तसं नाही, ऑर्डर देतानाच सांगायचं की हायवेचं टॉयलेट आहे, अमोनियाचा हिशोब लिहून दे.

दुसरी अडचण गर्दीची. मंगळवारी दुपारी कोण नसतं आणि गणपतीच्या आदल्या दिवशी पुणे-मुंबईचं अख्खं पब्लिक गावाकडं निघालेलं असतं. बॅक्टेरियाला एक दिवस उपाशी आणि एक दिवस दहापट जेवण चालत नाही. म्हणून प्लांटच्या आधी मोठा हौद, सगळं त्यात जमा करायचं आणि चोवीस तास सारखं थोडं थोडं पुढं सोडायचं. हौद मोठा ठेवा, पैसे वाचवायची जागा ही नाही.

तिसरी ॲसिडची. संडास चकाचक दिसावा म्हणून सफाईवाल्या मावशी बाटलीभर ॲसिड ओततात, त्यांचा काय दोष, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ते प्लांटमधे जाऊन बॅक्टेरिया मारतं. त्यांना नीट समजावून साधं, जंतूंना न मारणारं क्लीनर देणं हे लाखाच्या मशिनइतकंच महत्त्वाचं आहे. आणि चौथी, आपली मिसळ. ताटात उरलेला कट थेट सिंकमधे गेला की तेलाचा थर पाइपात बसतो आणि पुढं प्लांटमधे तवंग होतो. किचनच्या सिंकखाली ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-चरबी अडवणारी पेटी, पाहिजेच, आणि तो रोज साफ करायला पाहिजे, आठवड्यानं उघडला तर उघडणारा पळून जाईल. तळणीच्या तेलाचंपण तसंच, एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमानं तेलातली खराबी मोजायचा जो आकडा आहे, टोटल पोलर कंपाउंड, तो २५ टक्क्यांवर गेला की ते तेल वापरायचं नाही, आणि असलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणारे आता आहेत.

पाण्याचा एक हिशोब करून बघू, आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. रोज ४,००० माणसं. फ्लशला माणशी ५ लिटर म्हणजे २० हजार लिटर, हात धुवायला २ लिटर म्हणजे ८ हजार, किचन आणि सफाई १२ हजार. एकूण ४० हजार लिटर रोज. एसटीपीतून निघालेलं पाणी परत फ्लशला फिरवलं की ताजं पाणी लागणार फक्त २० हजार. आता छत १,००० चौरस मीटर धरा. सातारा शहरात वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे छतावर १० लाख लिटर, वाया जाणारं सोडून ८ लाख. फ्लशला ताजंच पाणी वापरलं तर हा अख्खा पाऊस २० दिवसांत संपतो, फिरवून वापरलं तर ४० दिवस पुरतो. उरलेल्या वर्षाचं पाणी बोअर नाहीतर टँकर. म्हणजे नुसत्या रेन वॉटर हार्वेस्टिंगवर थांबा चालतो असं कुणी सांगितलं तर कागद-पेन पुढं ठेवा. खरा वाचवणारा म्हणजे एसटीपी आणि कमी पाण्याचा फ्लश. जत-आटपाडीकडं पाऊस याच्या निम्म्याच्या आसपास, तिथं तर विचारूच नका.

बिल्डिंगबद्दल बोलायचं तर इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर सर्व्हिसेस या हायवेवरच्या थांब्याचं उदाहरण सगळे देतात. एम ५ मोटरवेवर, २०१४ मधे एक बाजू सुरू झाली आणि पुढच्या वर्षी दुसरी. छतावर माती आणि गवत, बाजूला मातीचे उतार, लांबून बघितलं तर टेकडीच वाटते. चालवणारं कुटुंब मूळचं उत्तरेकडच्या टीबे गावचं, एम ६ त्यांच्या शेतातून गेला तेव्हा १९७२ मधे त्यांनी तिथं पहिला थांबा टाकला. आत मोठ्या चेनची बर्गरची दुकानं नाहीत, आसपासच्या शेतकऱ्यांचा माल विकणारं फार्म शॉप आहे, आणि विक्रीतला काही भाग जवळच्या वस्त्यांसाठी काम करणाऱ्या ट्रस्टला जातो. मला यातलं छत उचलावंसं वाटत नाही. तिकडं बाराही महिने पाऊस, आपल्याकडं गवताचं छत हिरवं ठेवायचं तर एप्रिल-मेमधे वरून पाणी मारायला लागेल, मग कसलं ग्रीन. इथं छतावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांचा थर, पश्चिमेच्या भिंतीला खिडक्या कमी आणि तिकडं दाट झाडं, छत उंच, वारा आरपार, एवढं केलं तर अर्ध्या हॉलला एसी लागत नाही. त्यांच्याकडून उचलायचं ते फार्म शॉप आणि ट्रस्टची व्यवस्था.

त्या दृष्टीनं आपला पट्टा श्रीमंत आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, सगळ्यांना जीआय टॅग, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, आहे, शिवाय कंदी पेढे आणि भडंग आहेच. तरी थांब्यावर काय विकत मिळतं तर बाहेरच्या कंपन्यांचे चिप्स. बचत गटांना कोपऱ्यातला अंधारातला स्टॉल देऊन फोटो काढण्यापेक्षा मेन दारातला रॅक कमी भाड्यानं द्या. प्लेटी ऊसाच्या चिपाडाच्या मिळतात, कारखाने तर दारातच आहेत, पण बसून खाणाऱ्याला स्टीलचं ताटच बरं. पाण्याच्या बाटल्या कमी करायचा एकच रामबाण, दर्शनी भागात फुकट थंड पाण्याचा नळ, आणि तो चालू पाहिजे. ओल्या कचऱ्याचं म्हणाल तर रोजच्या १०० किलोतून बायोगॅस साधारण ४ किलो एलपीजीच्या बरोबरीचा निघतो. तीन-चार दिवसांना एक घरगुती सिलिंडर. खूप नाही, पण कचरा तरी ओढ्यात जात नाही.

ट्रकवाल्यांकडं येतो, कारण फूड मॉलच्या ड्रॉइंगमधे त्यांना मागचा चिखलातला कोपरा मिळतो, नाहीतर तोपण नाही आणि मग ते हायवेच्या कडेलाच झोपतात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ तासांच्या वर काम नको म्हणायचा, पण विश्रांती घ्यायची कुठं? आता एक नवीन गोष्ट झालीय. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. चांगलंच आहे, पण दुपारी झोपायचं म्हटलं की एसीसाठी इंजिन चालू, आणि मोठं इंजिन नुसतं उभं राहून तासाला दोन-तीन लिटर डिझेल खातं. पन्नास ट्रक चार तास म्हणजे चारशे-सहाशे लिटर, नुसतं झोपण्यासाठी. यावर सावली आणि झोपायची स्वस्त, स्वच्छ, पंखा-कूलरवाली खोली, हेच औषध. खोलीतून आपला ट्रक दिसला पाहिजे, नाहीतर डिझेल चोरीच्या भीतीनं ड्रायव्हर केबिन सोडत नाही. आंघोळीला गरम पाणी सोलर हीटरचं.

झाडं या सावलीसाठीच लावायची. करंज, कडुलिंब, चिंच, मोकळी जागा असेल तिथं वड. गुलमोहराच्या फांद्या वाऱ्यात मोडून टपावर पडतात, आणि नर्सरीवाला कोनोकार्पस हे झटपट वाढणारं शोभेचं झाड गळ्यात मारायला बघेल तर घेऊ नका, गुजरातनं २०२३ मधे त्याच्यावर बंदी घातलीय. पार्किंगचे दिवे खाली वळवलेले, पिवळसर, गरजेपुरते.

आता सोलर, ज्याच्यापासून सगळे सुरुवात करतात. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा आणि दिवसाला ४ युनिट. कार पार्किंगवर १,००० चौरस मीटरची सोलर शेड केली तर १०० किलोवॉट, म्हणजे रोज ४०० युनिट. एका इलेक्ट्रिक कारला ३० युनिट धरले तर तेरा गाड्यांत संपले, आणि अजून किचन, दिवे, एसटीपीला हवा देणारे ब्लोअर राहिलेच. म्हणून सोलर जरूर करा, शेडची सावलीपण मिळते, पण ६० किलोवॉटचे चार चार्जर लावायचे तर महावितरणचं एचटी म्हणजे उच्च दाबाचं कनेक्शन आणि ट्रान्सफॉर्मर लागणारच. त्याची केबल घालायचे पाइप पहिल्याच दिवशी जास्तीचे टाकून ठेवा, नंतर काँक्रीट फोडायला दुप्पट पैसे जातात.

परवानग्यांची यादी लांब आहे, थोडक्यात: जमिनीच्या एनएसाठी जे काही लागेल ते, हायवेतून आत-बाहेर यायला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची परवानगी, त्यात गाडी वेग कमी करत आत येईल अशी वेगळी लेन आलीच, पंप असेल तर पेसोचं, म्हणजे इंधन-स्फोटकांची सुरक्षितता बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, लायसन्स, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन संमतीपत्रं, एक बांधायच्या आधी, एक चालू करायच्या आधी. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं तर पर्यावरण मंजुरीपण लागते, पण एवढा मोठा थांबा सहसा कुणी बांधत नाही. ऑक्टोबर २०२४ मधे केंद्रानं हमसफर पॉलिसी आणली, त्यात स्वच्छ टॉयलेट, बाळासाठी खोली, व्हीलचेअर, चार्जिंग असल्या सोयींवर भर आहे, तीपण वाचून घ्या.

आणि मालक स्वतः क्वचितच सगळं चालवतो, आत दहा स्टॉल दहा जणांना भाड्यानं. त्यामुळं ग्रीस ट्रॅप कुणी साफ करायचा, जुनं तेल कुणाला द्यायचं, ओला-सुका कुणी वेगळा करायचा, ॲसिड वापरायचं नाही, हे भाड्याच्या करारात कलम घालून लिहायला लागतं, आणि नाही केलं तर डिपॉझिटमधून किती कापणार तो आकडापण तिथंच.